बाजीराव आणि आडवी बाटली

भोकरमाळ नावाच्या गावात एक भोळा बाजीराव होता. शहाणे तिथं घरटी दोन-दोन होते, भोळा मात्र हा एकटाच. त्यामुळं गावात काहीही बिघडलं की सगळे शहाणे मिळून त्याच्याकडे बघायचे.

नाव बाजीराव, आणि काम जालिंदरअण्णांच्या देशी दारूच्या दुकानात बाटल्या पुसायचं. आईबाप लहानपणीच गेले. अण्णांच्या आईनं, म्हणजे थोरल्या आईंनी, त्याला घरात ठेवून घेतलं, भाकरी घातली, मोठा केला. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. सांगितलं तेवढं करायचा, सांगितलं तसंच करायचा, आणि तिथंच घोटाळा व्हायचा. एकदा अण्णा म्हणाले, "शेवटचं गिऱ्हाईक उठल्याबिगर दुकान बंद करायचं न्हाई." शेवटचं गिऱ्हाईक बाकावरच झोपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते उठेपर्यंत बाजीराव त्याच्यासमोर मांडी घालून बसला होता.

भोकरमाळात बायकांना फार मान होता. इतका मान, की त्यांना कुठं जायची तसदी पुरुष पडू देत नसत. ग्रामसभा असली की हजेरीची वही घरोघर फिरायची. बायका चुलीपुढं बसून सह्या करायच्या आणि पुरुष सभेत बसायचे. एका वर्षी महिला दिनसुद्धा पुरुषांनीच साजरा केला. बायकांना चहा करायला बोलावलं होतं.

अशा या गावात एक दिवस बायका कागद घेऊन निघाल्या.

पुढं होती पिठाच्या गिरणीवाली द्वारकाबाई. तिचा नवरा सदू सकाळी गिरणी झाडायचा आणि संध्याकाळी गल्ली. गल्ली म्हणजे अंगानं, लोळून. तालुक्याला जाऊन तिनं सगळी माहिती काढून आणली होती. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर आधी गावातल्या पाव हिस्सा बायकांनी अर्जावर सह्या करायच्या. मग सरकार मतदान घेतं. मत फक्त बायकांचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. दुकान राहावं असं वाटलं तर उभीवर शिक्का, जावं असं वाटलं तर आडवीवर. यादीत बायका सहाशे अकरा. त्यातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे तीनशे सहा बायकांनी आडवी केली, तर दुकानाला कुलूप. तीनशे पाच झाल्या तर दुकान आहे तसंच चालू.

अण्णांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते पानाला चुना लावत होते. बोट तसंच राहिलं.

"बाज्या, हितं ये," ते म्हणाले. "त्या बायका कागद घिऊन हिंडत्यात. त्या कागदावरनं नजर हलवायची न्हाई. त्यो कुठं जातोय ते शेवटपातूर बघायचं आन मला यून सांगायचं. ह्यात चूक केलीस तर दुकानाची पायरी चढू नगंस."

"बरं अण्णा," बाजीराव म्हणाला. त्याला घाम फुटला. दुकानाशिवाय त्याला जगात दुसरी पायरी माहीत नव्हती.

तो बायकांच्या मागं निघाला. बायका घरात शिरल्या की हाही शिरायचा. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला हाकललं, दुसऱ्या दिवशी हसल्या, तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या शाईचा डबा त्याच्याच हातात दिला. दर घरी द्वारकाबाई तेच सांगायची. "बायांनो, आपल्या आज्या-पणज्यांना मत नव्हतं. बाईला काय कळतंय, असं मोठमोठी शिकलेली माणसं म्हणायची. तवाच्या बायकांनी सभा घेतल्या, अर्ज केलं, लोकांची थट्टा खाल्ली, तवा कुठं आपल्या बोटाला शाई लागली. त्येंनी मिळवलंय ते आपुन चुलीत घालतूय. एक सही करायला हात दुखतूय व्हय गं?" बाजीरावानं हे इतक्या वेळा ऐकलं की त्याला पाठ झालं. कळलं मात्र नाही. कळायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सह्या पुऱ्या झाल्या. द्वारकाबाई कागद घेऊन एसटीला निघाली. भोकरमाळ पठारावरचं गाव, आणि पठारावर वारा असा, की पवनचक्कीवाल्यांनी उगाच तिथं खांब रोवले नव्हते. फाट्यावर तिनं घाम पुसायला हात वर केला, आणि कागद गेला. चार दिवसांची पायपीट माळावरून भिरभिरत निघाली. द्वारकाबाई मटकन खाली बसली.

बाजीराव बसला नाही. त्याला नजर हलवायची नव्हती, म्हणून त्यानं पाय हलवले. करवंदीतून गेला, ओढ्यातून गेला, पवनचक्कीच्या तारेच्या कुंपणात कागद अडकला तिथं पोचला. सदरा फाटला, कागद फाटला नाही. त्यानं तो आणून द्वारकाबाईच्या हातात दिला, तिच्या शेजारी एसटीत बसला, तालुक्याला गेला, आणि साहेबांनी शिक्का मारेपर्यंत टेबलापाशी उभा राहिला.

"अण्णा, कागद साहेबाच्या फायलीत गेला," त्यानं येऊन सांगितलं. "मधी वाऱ्यानं उडाला हुता. पर म्या सोडला न्हाई."

अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं येड्या, उडाला हुता तर उडू द्यायचा! वाऱ्यानं न्येलं ते न्येलं. त्याच्या मागनं पळायचं नसतं!"

"बरं अण्णा. पुढच्या येळंला न्हाई पळत."

मतदानाची तारीख लागली. गावात मतदारांच्या नावाच्या चिठ्ठ्या वाटल्या, त्यात थोरल्या आईंची चिठ्ठी आली. थोरल्या आईंना नव्वदावं चालू होतं. गुडघे गेल्यामुळं त्या दिवसभर पलंगावर असायच्या. चिठ्ठी बाजीरावानं वाचली. एकेक अक्षर लावत म्हणाला, "भा-गी-र-थी गोविंद."

थोरल्या आई पलंगावर उठून बसल्या. मग म्हणाल्या, "परत वाच."

त्यानं परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. लग्नानंतर त्या घरात हे नाव कुणी घेतलंच नव्हतं. पहिल्या निवडणुकीच्या वेळी यादी करणारा माणूस दारात आला होता, तेव्हा नवीन सुनेनं स्वतःचं नाव परक्या माणसाला सांगायचं कसं, म्हणून त्या म्हणाल्या होत्या, "लिवा, गोविंदाची मंडळी." असली नावं वरच्या साहेबानं गाळून टाकली. पुढं नाव लागलं, तेव्हा नवरा म्हणाला, घराचं मत एकच असतं, ते मी देतो. नवरा गेल्यावर मुलगा म्हणाला, तुम्ही कशाला त्रास घेता. थोरल्या आईंचं मत दर निवडणुकीला पडायचं. त्या पलंगावर असायच्या आणि मत शाळेत पडायचं. कोण टाकतं ते त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

नवरा गेला तो दारूनं. थोरला मुलगा गेला तोही दारूनं. दुकान घरचं, बाटली घरची, आणि मेलेलीही घरचीच माणसं. धाकटा जालिंदर तेवढा शहाणा निघाला. तो फक्त विकायचा.

"बाजीराव," थोरल्या आई म्हणाल्या, "मरायच्या आधी एक डाव माजं मत मी टाकणार. माज्या हातानं. तू हाईस का?"

"हाय की आई. हितंच हाय," बाजीराव म्हणाला.

इकडं अण्णांचं डोकं चालू होतं. त्यांनी हिशेब केव्हाच पकडला होता. निम्म्याहून जास्त बायका याव्या लागतात, म्हणजे उभीवर शिक्का मारायला कुणाला पाठवायची गरजच नाही. घरी बसलेली प्रत्येक बाई आपलीच. गावातल्या बायकांना घरी बसवणं यात अवघड ते काय? ते तर गाव पिढ्यान्पिढ्या फुकट करत आलं होतं.

तरी काम पक्कं असावं म्हणून त्यांनी तालुक्याच्या बाजारातून चारशे साड्या घेतल्या. बेत असा, की एकेकीला बोलवायचं, हळदीकुंकू लावायचं, नारळावर हात ठेवून 'मतदानाला जाणार नाही' अशी शपथ घ्यायची, आणि मग साडी द्यायची. बाई एकदा नारळावर हात ठेवून बोलली की मोडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पुरुषांना असली शपथ घालायचा विचार त्यांच्या मनातही आला नाही.

साड्या टेम्पोत भरल्या. वर ताडपत्री नव्हती, म्हणून अण्णांनी बाजीरावाला ढिगावर बसवला आणि स्वतः पुढं निघून आले.

टेम्पो पठारावर चढला आणि वारा सुटला. वरची पिवळी साडी फडफडली, उलगडली आणि गेली. बाजीरावाचा हात पुढं झाला होता, तेवढ्यात त्याला आठवलं. वाऱ्यानं नेलं ते नेलं. त्यानं हात मागं घेतला. मग हिरवी गेली. मग दोन लाल जोडीनं गेल्या. बाजीराव हाताची घडी घालून बघत राहिला. त्याला पळावंसं फार वाटत होतं, पण या वेळी चूक करायची नव्हती. गावात आला तेव्हा टेम्पोत एकच साडी होती, आणि तीही तो तिच्यावर बसला होता म्हणून.

"बाकीच्या?" अण्णांनी विचारलं.

"वाऱ्यानं न्येल्या अण्णा. म्या अजाबात पळालो न्हाई."

दुसऱ्या दिवशी पठारावरची एकूण एक बाभूळ नटली होती. बायका सरपणाला गेल्या आणि साड्या घेऊन आल्या. काहींना जरा धाकधूक वाटली. साडी अण्णांची, उद्या शपथ मागतील. द्वारकाबाईनं ते तिथंच मिटवलं. "तुला अण्णानं दिली का?" "न्हाई, बाभळीनं दिली." "मग बाभळीपुढं शपथ घे जा." बायकांनी बाभळीपुढं हात जोडले आणि साड्या नेसल्या. त्या आठवड्यात गाव कसं लग्नघरासारखं दिसत होतं.

अण्णांचा आवाज बसला इतके ते ओरडले. "आरं, वाटंत पडलेलं उचलायचं असतं! दिसंल ते उचलायचं, एक बी सोडायचं न्हाई! आन ज्येचं त्येच्या दारात न्यून द्यायचं, हातात पोच घ्यायची आन मग घरी यायचं. एवढी साधी गोष्ट तुला कळंना?"

"आता कळली अण्णा."

"आता एक शेवटची संधी दितू. पुन्यांदा चुकलास तर हितनं तोंड काळं कर."

बाजीराव त्या दिवशी जेवला नाही. थोरल्या आईंनी विचारलं, तर म्हणाला, "आई, मी सांगतील तसंच करतुया. मग चुकतंय कुठं?" थोरल्या आईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांनाही आयुष्यभर तोच प्रश्न पडला होता.

मतदानाच्या आदल्या दिवशी अण्णांनी शेवटचा डाव टाकला. दुकानाच्या रोजच्या गिऱ्हाइकांतल्या सगळ्या नवरे मंडळींना सकाळीच आपल्या मळ्यावर बोलावलं. मटण केलं, पेटी फोडली. जेवायच्या आधी एक भाषण केलं. "उद्या सकाळी सातपासनं आपापल्या दाराची कडी धरून बसायचं. बाई उंबऱ्याभाईर पडली तर घराची अब्रू गेली." पुरुषांना अब्रूचं फार होतं. त्यांनी ग्लास वर करून होकार दिला. अण्णांचा बेत असा, की सगळ्यांनी सतरंज्यांवर एक झोप काढायची, चिंच-पाणी प्यायचं आणि दिवस मावळता शुद्धीवर घरी जायचं, म्हणजे सकाळी कामाला ताजेतवाने.

दुपारी दोनला बाजीराव हातगाडा घेऊन मळ्यावर भांडी आणायला आला. बघतो तर सतरंजीवर माणसं, सतरंजीबाहेर माणसं, बांधावर माणसं आणि वाटेवरही माणसं. सगळी पडलेली.

बाजीराव आनंदला. या वेळी काय करायचं ते त्याला नेमकं माहीत होतं.

एका खेपेला चार असे त्यानं नवरे भरले. पाय बाहेर लोंबत होते आणि डोकी फळीवर आपटत होती, पण एकही सोडला नाही. दारापुढं गाडा थांबायचा. "वैनी, ह्ये वाटंत पडलं हुतं. तुमचंच न्हवं?" बाई बघायची. "माजंच हाय मेलं." "मग घ्या उतरून. आन हितं अंगठा द्या. पोच पायजे."

"पाजली कुणी रं येवढी?"

"अण्णांनी. फुकट. उद्या ह्यांनी दारात बसायचं आन तुमी घरात, म्हणून." हे सांगू नकोस असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

काही बायका अजून कुंपणावर होत्या. नवऱ्याला भिऊन नको जायला म्हणत होत्या. आता ज्याला भ्यायचं तो पायरीवर उताणा पडला होता आणि त्याच्या तोंडाभोवती माश्या होत्या. बायकांनी खाली बघितलं आणि अंगठा उठवला. उन्हं कलायच्या आत बाजीराव परत आला आणि चौसष्ट पोच अण्णांच्या पुढ्यात ठेवल्या. एकही कमी नव्हती.

अण्णांनी पोच एकेक करून चाळल्या. मग सगळं एकदम आलं. "सदूचं डोस्कं फुटलं! निम्मी तर उद्या दुपारपातूर उठायची न्हाईत! दार कोण धरणार, तुजा बा? आरं, पडलेली हुती तर पडू द्यायची! आन हलवायचीच हुती तर अंथरुणासकट हलवायची! निजलेला माणूस असा गोणीवानी उचलत्यात व्हय? अंथरुणासकट उचलावा, म्हंजी त्येला धक्का लागत न्हाई!"

"अंथरुणासकट," बाजीराव म्हणाला, आणि मनात पक्कं करून टाकलं.

अण्णा त्याला तिथंच हाकलणार होते. पण दुसऱ्या दिवशीसाठी एक काम उरलं होतं आणि त्याला दुसरा माणूस शुद्धीत नव्हता. घरातलं बायकोचं मत अण्णांनी आधीच माहेरी पाठवून दिलं होतं. राहिलं आईचं. आई चार दिवस चिठ्ठी उशाशी घेऊन झोपत होती, ते त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

सकाळी त्यांनी बाजीरावाला खोलीत नेलं. पलंगाकडं बोट दाखवलं. तो पलंग म्हणजे काय, सागवानी, चार खांबांचा, आजोबांच्या वेळचा. त्या वेळी आधी पलंग ठेवला आणि मग त्याच्याभोवती भिंती बांधल्या, कारण दारातून तो कधी आत गेलाच नसता. माणसं त्याच्यावर जन्मली आणि मेली, पण पलंग कधी त्या खोलीबाहेर गेला नव्हता.

"आज एकच काम," अण्णा म्हणाले. "आईचा पाय ह्या पलंगावरनं भुईला लागता कामा न्हाई. तेवढं सोडून ती म्हणंल ते कर. पाणी म्हणाली पाणी द्ये, पान म्हणाली पान द्ये. पर पाय खाली न्हाई. कळलं?"

"पाय खाली न्हाई," बाजीराव म्हणाला.

अण्णा निर्धास्त झाले आणि शाळेसमोरच्या पारावर जाऊन बसले. चिंचोके घेऊन बसले होते. एक बाई आत गेली की एक चिंचोका उजवीकडून डावीकडे. आत जाणारी प्रत्येक बाई आडवीच करणार, हे त्यांना माहीत होतं. उभी करणारीनं घराबाहेर यायचं कारणच नव्हतं.

बायका आल्या. बाभळीच्या साड्या नेसून आल्या, पोरं काखेला मारून आल्या. दारं धरायला कुणी नव्हतं, आणि जे होतं ते ओकत होतं. दुपारी दोनशे चिंचोके झाले. चारला तीनशे. अण्णांच्या कपाळावर घाम आला. मग रांग संपली. तीनशे चार झाले. शेवटी द्वारकाबाईनं स्वतःचं मत टाकलं. तीनशे पाच. पुढं कुणीच येईना.

उरलेल्या कुणी परगावी होत्या, कुणी आजारी, कुणाच्या सासवा दारात आडव्या पडल्या होत्या. द्वारकाबाई घरोघर पळत सुटली. पाचला मतदान संपणार होतं. शाळेच्या पायरीवर बायका शाईची बोटं पदरात धरून बसून राहिल्या. एक मत कमी पडत होतं. एका मतासाठी परत तीच संध्याकाळ, तीच गल्ली, तोच सदू. द्वारकाबाई परत आली ती रिकाम्या हातांनी. तिला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही.

पावणेपाचला अण्णांनी हलगीवाल्याला निरोप धाडला.

आणि हलगीच्या आधी आला तो खडखडाट. वेशीकडून हातगाडा येत होता. हातगाड्यावर पलंग होता, पलंगाचे खांब वर डुलत होते, आणि मधोमध थोरल्या आई बसल्या होत्या. पाय पोटाशी घेतलेले आणि मुठीत चिठ्ठी. मागून बाजीराव ढकलत होता. तो केसापासून नखापर्यंत मातीनं माखला होता, आणि पोरीबाळी दोन्ही बाजूंनी हात लावून पळत होत्या.

अण्णा पारावरून उडी मारून आडवे आले. "आरं भाड्या! हिला कुठं आणलीस?"

"आई म्हणाल्या, शाळंत न्ये," बाजीराव धापा टाकत म्हणाला. "तुमी म्हणाला, म्हणंल ते कर. पर पाय भुईला न्हाई लागला अण्णा. हलवायचं तर अंथरुणासकट. धक्का बी लागू दिला न्हाई. इचारा आईंना."

"माघारी फिरव!"

बाजीराव थांबला. त्यानं वळून विचारलं, "आई, माघारी फिरायचं म्हणताय का?"

"पुढं चल," थोरल्या आई म्हणाल्या.

अण्णांनी खांबाला हात घातला. तेवढ्यात पायरीवरच्या तीनशे पाच बायका उठल्या. अण्णांनी हात काढला.

मतपेटी शाळेच्या व्हरांड्यात होती. गाडा पार पेटीला जाऊन टेकला. मतदान अधिकारी उभे राहिले. "आजी, खाली उतरा."

"खाली न्हाई उतरायचं," बाजीराव म्हणाला. "मनाई हाय."

अधिकाऱ्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. पुढून बघितलं, मागून बघितलं. मतदाराला मतदानापासून अडवणं हा गुन्हा आहे, हे त्यात होतं. पलंगाबद्दल काही नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि पेन उचललं.

"आजी, तुमचं नाव?"

थोरल्या आईंनी पदर सावरला. तोंड उघडलं आणि मिटलं. सत्तर वर्षांची सवय. बाजीरावाला वाटलं, विसरल्या की काय. सांगावं का? पण त्याला कुणी सांगायला सांगितलं नव्हतं.

"भागीरथी," त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, शाळेच्या पार मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भागीरथी! लिवा. न्हाईतर परत गाळशिला."

बोटाला शाई लागली. पलंगाभोवती चार बायकांनी बाहेर तोंडं करून लुगड्यांचा आडोसा धरला. आत शिक्क्याचा आवाज झाला. मतपत्रिका पेटीत पडली आणि घड्याळात पाच वाजले.

मोजायला फार वेळ लागला नाही. आडवी, तीनशे सहा. उभी, शून्य. द्वारकाबाईनं पलंगावर चढून थोरल्या आईंना मिठी मारली. हलगीवाला आला होताच, त्याला बायकांनी वाजवायला लावलं.

अण्णा पलंगापाशी आले. आवाज उरलाच नव्हता. "आई, तूसुद्धा? पोटच्या पोराचं दुकान आडवं केलंस?"

"मत कुणाला दिलं ते सांगायचं नसतं रं," थोरल्या आई म्हणाल्या. "साहेब म्हणालं, गुप्त असतंय." आणि शाई लागलेलं बोट वाळवायला त्यांनी वाऱ्यावर धरलं.

अण्णा मटकन गाड्याच्या दांडीवर बसले. दुकान गेलं, आब गेला, आणि आता बाजीरावाला शिव्या द्यायचंही बळ राहिलं नव्हतं. ते नुसते पलंगाकडं बघत राहिले. बघता बघता त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाज्या," ते हळूच म्हणाले. "ह्यो पलंग दारातनं निघत न्हाई."

"न्हाईच निघत अण्णा. लई बघितलं."

"मग भाईर कसा आला?"

"तुमी पलंग मोडाय सांगितलं नव्हतं. म्हणून म्या भिंत काढली," बाजीराव म्हणाला. "रस्त्याकडची. सगळी. माळवदाचा बी जरा कोपरा आला खाली. पर तुमी काळजी करू नगा, म्या संध्याकाळपातूर परत उभी करणार हुतो. आईच नगं म्हणाल्या. म्हणाल्या, ऱ्हाऊ दे उघडी. दिवाळीनंतर झेडपीचं मतदान हाय."